उंटाच्या खोगिराखाली

लाबानाने आधी याकोबाचा तंबू धुंडाळला, मग लेआचा, मग दोन्ही दासींचा. शेवटी तो धाकट्या लेकीच्या, राहेलच्या, तंबूत शिरला. सात दिवस पाठलाग करून त्याने या मंडळींना गिलादच्या डोंगरात गाठलं होतं, कारण त्याच्या घरातल्या गृहदेवता नाहीशा झाल्या होत्या. राहेल उंटाच्या खोगिरावर बसून होती. बापाला तिने सांगितलं की माझे अडचणीचे दिवस आहेत, तुमच्यापुढे उठून उभं राहता येत नाही, राग मानू नका. लाबानाने तंबूतली एकूण एक वस्तू हलवून पाहिली. मूर्ती सापडल्या नाहीत. त्या खोगिरातच होत्या आणि राहेल त्यांच्यावर बसली होती.

उत्पत्तीच्या पुस्तकातल्या एकतिसाव्या अध्यायातली ही गोष्ट रविवार शाळेत सहसा कोणी सांगत नाही. मला मात्र विश्वासणाऱ्याच्या घरातली मूर्ती या आपल्या विषयासाठी याहून नेमकं चित्र आजवर सापडलेलं नाही. राहेल ही काही देवाला न मानणारी बाई नव्हती. ती याकोबाची लाडकी बायको, योसेफाची आई. याकोबाला तर या चोरीचा पत्ताच नव्हता. ज्याच्यापाशी मूर्ती सापडतील तो जिवंत राहणार नाही, असं तो सासऱ्याला छातीठोकपणे सांगून बसला होता. घरचा कर्ता पुरुष देवाच्या नावाने बोलतो आहे आणि मूर्ती त्याच्याच बिऱ्हाडात, त्याच्या सगळ्यांत प्रिय माणसाच्या बैठकीखाली आहेत.

राहेलने त्या का घेतल्या, हे ग्रंथ सांगत नाही. पण बापाच्या घरात आता आपल्याला वाटा उरलेला नाही, ही खंत दोघी बहिणींनी थोडं आधीच बोलून दाखवली होती. पुढे अनोळखी मुलूख, अनोळखी सासर, पाहिलेला नाही असा दीर आणि त्याचं नवऱ्याशी जुनं वैर. अशा वेळी हाताशी काहीतरी असावं असं माणसाला वाटतंच. नवऱ्याच्या देवावर तिचा विश्वास नव्हता असं मला वाटत नाही. एवढंच की तो एकटा पुरेल याची तिला खात्री नव्हती. मूर्ती आपल्या घरात येते ती अशी. देवाला हुसकावून ती क्वचितच येते, बहुतेक वेळा ती त्याच्या जोडीला म्हणून येते.

या बाबतीत आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची एक खास अडचण आहे. आमच्या घरात देव्हारा नाही. कुणाच्या पणजोबांनी तो उतरवला, कुणाच्या आजीने. त्या दिवशी त्यांनी मोजलेली किंमत फार मोठी होती. गाव तुटलं, भाऊबंद तुटले, विहीर तुटली. त्यांच्याविषयी मला अतोनात आदर आहे. पण पुढच्या पिढ्यांच्या मनात यातून एक समजूत घट्ट बसली, की दहा आज्ञांमधली मूर्तीची आज्ञा आपण केव्हाच पाळून झाली. हा पेपर वाडवडिलांनी सोडवला, आपल्याला तो माफ. मग ती आज्ञा वाचताना बोट आपोआप शेजारच्या घराकडे जातं.

म्हणून आधीच सांगतो. या प्रकरणात शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याविषयी एक अक्षरही नाही. ती आज्ञा ज्यांना दिली गेली ते लोक मिसरातून सुटून आलेले होते, समुद्र ओलांडून आलेले होते, देवावर विश्वास ठेवणारे होते. आणि यहेज्केल संदेष्ट्यापुढे बाबेलच्या बंदिवासात जे वडीलजन येऊन बसले, त्यांच्याविषयी देवाने तक्रार केली की या माणसांनी आपल्या मूर्ती अंतःकरणात बसवल्या आहेत. ते परके नव्हते. मंडळीतले वडील होते, पहिल्या बाकावर बसणारे, देवाचं वचन ऐकायला आलेले.

जाता जाता एक माहिती, कारण वसईकडच्या आणि नगरकडच्या ख्रिस्ती लोकांची गाठ पडली की यावरून हमखास गोंधळ होतो. कॅथलिक आणि लूथरन परंपरेत मूर्तीविषयीचं वचन पहिल्याच आज्ञेत धरतात आणि शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करून संख्या दहा भरवतात. इतर बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मूर्तीची आज्ञा दुसरी मोजतात. मजकूर तोच आहे. पण पहिल्या पद्धतीने वाचलं की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. दुसरा देव नको आणि मूर्ती नको ही दोन वेगळी कलमं नसून एकच श्वास आहे. प्रश्न दगडाचा, लाकडाचा नाही. त्याच्या जागी दुसरं कोण बसलं आहे, हा प्रश्न आहे.

१५२९ मध्ये मार्टिन लूथरने कुटुंबांना आणि पाळकांना शिकवण्यासाठी मोठी प्रश्नोत्तरी लिहिली. तिच्यात पहिल्याच आज्ञेपाशी तो विचारतो की कोणाला देव असणं म्हणजे नेमकं काय. त्याच्या उत्तराचा आशय असा, की ज्यावर तुमचं मन टांगलेलं आहे तोच खरोखर तुमचा देव. लूथरने वापरलेल्या जर्मन क्रियापदाचा अर्थ टांगणे असाच होतो, आणि मराठीला तो समजावून सांगावा लागत नाही. जीव टांगणीला लागला, असं आपण रोज म्हणतो. कशाला लागला, एवढंच विचारायचं राहतं.

माझा जीव कशाला टांगला होता ते सांगतो.

आमच्या बैठकीच्या खोलीत दरवर्षी वचनांचं कॅलेंडर लागतं. मुलगी बारावीला गेली त्या जूनमध्ये मी त्याच्या शेजारी एक मोठं कार्डशीट चिकटवलं. डावीकडे विषय, वर तारखा, चौकटीत क्लासच्या टेस्ट सिरीजचे मार्क. वाढले तर हिरव्या स्केचपेनने, घटले तर लाल. रोज ऑफिसातून आल्यावर चपला काढायच्या आधी माझी नजर त्या कागदाकडे जायची. टेस्ट रविवारी सकाळी नऊला असे आणि आमची उपासनाही नऊला. पहिल्या रविवारी तिला क्लासला सोडताना मनाला टोचलं. चौथ्या रविवारी नाही टोचलं. गाडी लावून मी तिथेच इतर पालकांबरोबर चहा घ्यायला लागलो.

घरातली संध्याकाळची प्रार्थना म्हणजे आमच्याकडे एक गीत, एक स्तोत्र आणि मग एकेकाने केलेली प्रार्थना. पूर्वी तीत गावाकडचा आजारी काका यायचा, पाऊस यायचा, शेजारच्या बाळंतिणीची सुटका यायची. त्या वर्षी गीत गेलं, स्तोत्र आखडलं आणि प्रार्थनेत फक्त फिजिक्स उरलं. देव पाण्यात घालून बसणं हा वाक्प्रचार मी लहानपणापासून ऐकला होता. तो आपल्याला लागू होईल असं कधी वाटलं नव्हतं. आमच्या घरात बुडवून ठेवायला मूर्ती नव्हती, पण मी बरोबर तेच करत होतो. हवं ते दे, तोवर तुला सोडत नाही.

निकाल लागला. हव्या त्या प्रवेशाला पुरतील एवढे मार्क नव्हते. मी रागावलो नाही, ओरडलो नाही. नुसता गप्प झालो, आणि तो माझा समजूतदारपणा आहे असं मला वाटत होतं. तिसऱ्या रात्री पाणी घ्यायला उठलो तर ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून जेवत होती. माझं ताट उचललं जाईपर्यंत ती जेवायलाच येत नव्हती. तीन दिवस. माझ्यासमोर बसावं लागू नये म्हणून.

कॅलेंडरचं पान ऑगस्टवरच थांबलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या आईने दाखवलं. मूर्ती बळी मागते हे मी इतरांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. मुलीसाठी म्हणून जे उभं केलं, त्याच्यापुढे मी मुलीलाच नेऊन ठेवलं होतं.

आता यात वाईट गोष्ट कोणती होती? अभ्यास वाईट नाही. परीक्षा वाईट नाही. लेकीचं भलं व्हावं असं वाटणं तर नाहीच नाही. इथेच आपली फसगत होते. मूर्ती ओळखायची म्हणजे आपण घरात काहीतरी काळं, कुरूप शोधायला लागतो. दारू, जुगार, परस्त्री. ती पापं आहेतच आणि ती ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. मूर्ती सहसा चांगल्या वस्तूचीच होते, आणि वस्तू जितकी चांगली तितकी ती जागा अडवून बसते.

बायबलमध्ये याचं सगळ्यांत धक्का देणारं उदाहरण पितळी सर्पाचं आहे. रानात साप चावून माणसं मरू लागली तेव्हा मोशेने देवाच्याच सांगण्यावरून पितळेचा साप घडवून खांबावर लावला. दंश झालेला माणूस त्याच्याकडे बघे आणि वाचे. ही वस्तू देवाच्या आज्ञेने घडली होती. तिने प्राण वाचवले होते. पुढे खुद्द प्रभू येशूने आपल्या वधस्तंभाला याच सर्पाची उपमा दिली. आणि तरीही काही शतकांनी, इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकाच्या अखेरीस, यहूदाचा राजा हिज्कीया गादीवर आला तेव्हा लोक त्या सर्पापुढे धूप जाळत होते. हिज्कीयाने तो फोडून तुकडे केले. त्याचं नाव पडलं नहुश्तान. हिब्रू भाषेत या शब्दात साप आणि पितळ हे दोन्ही शब्द ऐकू येतात. ज्याला लोक तारणारा समजत होते, तो शेवटी पितळेचा एक तुकडा होता.

मी कल्पना करतो की त्या दिवशी यरुशलेमेत काय आकांत झाला असेल. प्रत्यक्ष मोशेच्या हातची वस्तू! आज आपल्याकडे असं कोणी काही फोडलं तर आपणच दारात आडवे पडू. हिज्कीयाने परक्यांचं काही फोडलं नाही, आपल्याच लोकांचा सर्वांत पवित्र वारसा फोडला. माझ्या समजुतीने नहुश्तान हीच विश्वासणाऱ्याची खास मूर्ती. एके काळी देवाने दिलेली, एके काळी खरंच उपयोगी पडलेली, आणि म्हणूनच तिच्याविषयी शंका घेणं पाप वाटावं अशी. कुणाची ती घराणं असते, कुणाची सेवाकार्य, कुणाची आपली निर्मळ प्रतिमा, कुणाची मंडळीची इमारत.

इमारतीवरून एक जुनी हकिगत आठवते. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. पाळक नेमण्याचा अधिकार जमीनदारांचा की मंडळीचा, हा त्यामागचा मुख्य तंटा होता. शेकडो पाळक सरकारी आधार, पगार आणि राहती घरं सोडून बाहेर पडले आणि फ्री चर्च उभं राहिलं. मुंबईतले मिशनरी डॉ. जॉन विल्सन त्यांच्या बाजूने गेले, आणि त्यांना शाळेच्या इमारतीवर पाणी सोडावं लागलं. वर्षानुवर्षं कष्ट करून उभं केलेलं काम त्यांनी दुसऱ्या जागेत पुन्हा मांडलं. त्यांचं नाव आज ज्या कॉलेजला आहे ते या दुसऱ्या मांडणीतून वाढलेलं आहे. आमच्या काही मंडळ्यांमध्ये जागेवरून चाललेले दावे, सीलबंद दारं आणि पोलिसांच्या उपस्थितीत झालेला नाताळ पाहिला की मला विल्सन आठवतात. यिर्मयाने मंदिराच्या दारात उभं राहून हेच सांगितलं होतं. मंदिर, मंदिर म्हणून जप केल्याने तुम्ही वाचणार नाही, असा त्याचा रोख होता. ऐकणाऱ्यांनी त्याला ठार मारायची मागणी केली.

पण इमारतीपेक्षाही खोल बसलेली एक मूर्ती आमच्यात आहे आणि तिच्याविषयी बोलायला आम्ही फार कचरतो. ती जात.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ बहुतेक मराठी वाचकांनी वाचलेलं असतं, निदान चाळलेलं असतं. घरात येणाऱ्या वस्तू धुऊन घ्यायला लावणारे त्यांचे अतिसोवळे वडील त्यात आहेत. त्या सोवळ्यापायी घरातल्या बायकांचे झालेले हाल आहेत. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि पुन्हा नवऱ्याबरोबर राहू लागल्या तरी सोवळंओवळं सांभाळतच होत्या. मग एके दिवशी, विचार करता करता, त्यांना उमगलं की माणसामाणसांतला हा भेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे. त्या क्षणापासून त्यांनी कोणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. त्यांचा बाप्तिस्मा नंतरचा. मला तो प्रसंग बाप्तिस्म्याहून लहान वाटत नाही. ख्रिस्ताचं नाव घ्यायच्या आधीच त्यांनी आतली मूर्ती खाली उतरवली.

आमचं उलट झालं. ख्रिस्ताचं नाव आम्ही घेतलं आणि ही मूर्ती खोगिराखाली सरकवली. प्रभुभोजनाला एकाच भाकरीचा तुकडा घेणारी दोन कुटुंबं मुलामुलींची सोयरीक ठरवायला बसली की आवाज खाली येतो आणि विचारलं जातं, मूळचे कोण? हा प्रश्न मी माझ्या नात्यात ऐकला आहे, सुशिक्षित, प्रार्थनाशील माणसांच्या तोंडून. रोटी एक झाली, बेटी अजून नाही. या मूर्तीला धूप लागत नाही, फूल लागत नाही. तिला फक्त भीती लागते. लोक काय म्हणतील, या तीन शब्दांवर ती पिढ्यान्‌पिढ्या जगते. मूर्ती ओळखण्याची माझ्यापाशी एखादी खूण असेल तर ती हीच आहे. ज्याच्या भीतीने आपण देवाची स्पष्ट आज्ञा बाजूला ठेवतो, त्याच्यावर आपण बसलेले असतो.

रागाचंही तसंच. छोट्या गोष्टीवरून भलताच मोठा राग आला की समजावं, कुठेतरी देव्हाऱ्याला धक्का लागला आहे. गायनमंडळातून नाव वगळलं म्हणून वर्षभर चर्चची पायरी न चढणारा माणूस गाण्यासाठी रुसलेला नसतो. आणि खोटेपणाचं तर जास्तच. इतर बाबतींत धादांत खरं बोलणारा माणूस एकाच विषयात सहज खोटं बोलतो, त्या विषयाकडे बघावं. राहेल बापाशी खोटं बोलली ते फक्त त्या खोगिरासाठी.

पैशाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर उपदेश पुष्कळ होतात. पौलाने कलस्सैकरांना लिहिताना लोभाला सरळ मूर्तिपूजाच म्हटलं आहे. यशयाने चितारलेला एक माणूस आहे. तो झाड तोडतो, अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, ऊब घेतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. हे वाचून आपल्याला हसू येतं. पण महिन्याच्या एक तारखेला खात्यात येणारी रक्कम तेच लाकूड आहे. त्यातल्या अर्ध्यावर आपण भाकरी भाजतो. उरलेल्या अर्ध्यापुढे, फिक्स डिपॉझिटच्या पावत्या आणि फ्लॅटच्या कागदपत्रांपुढे, आपण म्हणतो की आता काळजी नाही, तू आहेस. एवढं वाक्य आपण कुणाला उद्देशून म्हणतो, हे रात्री झोपण्याआधी स्वतःला विचारून पाहावं.

ओळखणं झालं. पुढचं काम अवघड आहे, आणि इथे इग्नेशियस लोयोला याच्याइतका बारकाईने बघणारा माणूस मला दुसरा माहीत नाही. हा सैनिक १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळला आणि तिथे बदलला. फ्रान्सिस झेवियर हा त्याच्या पहिल्या सोबत्यांपैकी, जो १५४२ मध्ये गोव्याला आला. इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात साधकापुढे तीन प्रकारची माणसं उभी केली आहेत. प्रत्येकाला दहा हजार डुकाट मिळालेले आहेत, फार मोठी रक्कम. मिळवताना हेतू शुद्ध नव्हता, आणि आता त्या पैशाने मन बांधलं गेलं आहे हे तिघांनाही कळतं. पहिल्याला सुटायचं आहे, पण तो काहीच करत नाही, मरेपर्यंत करत नाही. दुसऱ्याला सुटायचं आहे, पण पैसा जवळ ठेवून. देवानेच आपल्या बेताला येऊन मिळावं अशी त्याची इच्छा असते. तिसरा म्हणतो, ठेवायचा की सोडायचा यातलं काहीच मी आधी ठरवत नाही, देवाची सेवा ज्याने जास्त होईल ते करीन. तोवर आपण तो सोडलाच आहे, असं धरून तो चालतो.

पहिला माणूस आपण पटकन ओळखतो. मी मात्र आयुष्यभर दुसरा होतो. प्रार्थना करत होतो, उपास करत होतो, दशांश देत होतो, आणि या सगळ्यातून देवाला हळूहळू माझ्या बाजूला वळवत होतो. कार्डशीट काढायचं नाही, फक्त देवाने त्यावर हिरव्या पेनने लिहावं. भक्ती खूप वाढली तरी मूर्ती जागची हलत नाही, असं कधी कधी होतं ते यामुळे. उलट भक्तीच तिची पुजारीण होते. आशीर्वादाच्या मोठमोठ्या सभांमधून नोकरी, व्हिसा आणि घराच्या नावाने जी प्रार्थना चालते, तिच्यातल्या किती प्रार्थना या दुसऱ्या माणसाच्या आहेत, याचा विचार व्यासपीठावरच्यांनी गांभीर्याने करायला हवा.

इग्नेशियसचा तिसरा माणूस प्रत्यक्षात कसा दिसतो? मला टिळक दिसतात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती खालावलेली, पुढची सोय काहीच नाही. कवी म्हणून कीर्ती होती, मंडळीत मान होता, ठरलेला पगार होता. मिशन वाईट होतं म्हणून त्यांनी सोडलं नाही, मिशनने त्यांना पुष्कळ दिलं होतं. पण ख्रिस्त आणि आपला देशबांधव यांच्यामध्ये पगारी सेवकाचा शिक्का उभा राहतो असं त्यांना वाटू लागलं होतं. त्यांनी देवाचा दरबार मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा ठेवली. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. दरबार मोठा झाला नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्यावर ते बसले होते त्यावरून ते उठले, हे मला पुरतं.

पण नुसतं उठून, फोडून, टाकून भागत नाही. ही चूक फार उत्साही माणसांची होते. उपवासकाळ सुरू झाला की कुणी चहा सोडतो, कुणी मोबाइलवरचे रील, आणि चाळीस दिवसांनी ईस्टरच्या संध्याकाळी तेच दुप्पट जोराने परत येतं. झाडून स्वच्छ करून रिकामं ठेवलेल्या घरात जुना दुष्ट आत्मा आणखी सात जणांना घेऊन परततो, ही प्रभूने सांगितलेली गोष्ट याविषयीच आहे. १८४३ च्या त्या फ्री चर्चचे पहिले अध्यक्ष टॉमस चामर्स यांचं एक प्रवचन याच सूत्रावर उभं आहे. मन रिकामं राहू शकत नाही. जुनं प्रेम वाईट आहे असं कितीही पटवून दिलं तरी ते जात नाही. नवं, त्याहून मोठं प्रेम आत आलं तरच ते जागा सोडतं. ऑगस्टीनने त्याच्या किती तरी आधी हेच दुसऱ्या बाजूने मांडलं होतं. आपलं पाप बहुधा चुकीच्या गोष्टीवर प्रेम करण्यात नसतं, प्रेमाचा क्रम चुकण्यात असतं.

हा क्रम घरात कसा लावायचा? मी काही मोठं केलं नाही. कार्डशीट काढलं. कॅलेंडर ऑगस्टवरून पुढे आणलं. संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही गीत परत आणलं, आणि गीत आधी ठेवलं, मागणं शेवटी. हा बदल वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. पहिले काही आठवडे मला गाता येईना, घसा कोरडा पडायचा, कारण देवाकडे काही न मागता त्याच्यापुढे उभं राहायची सवयच राहिली नव्हती. हळूहळू काका आला, पाऊस आला. मुलीने पुढच्या वर्षी स्वतः निवडलेल्या कोर्सला प्रवेश घेतला. त्यासाठी मी प्रार्थना केली, पण देव पाण्यात घातला नाही.

याकोबाच्या घराची गोष्ट पुढे पस्तिसाव्या अध्यायात येते. पुष्कळ वर्षं मध्ये गेली आहेत. देव त्याला बेथेलला बोलावतो, आणि निघण्याआधी याकोब आपल्या सगळ्या माणसांना सांगतो की तुमच्यापाशी असलेले परके देव काढून टाका. म्हणजे एव्हाना त्याला कळलं होतं. लोकांनी हातातले देव दिले आणि कानातली कुंडलंही दिली. याकोबाने ते सगळं शखेमजवळच्या एका मोठ्या झाडाखाली पुरलं. कोणाची झडती घेतली नाही, कोणाचा तंबू उलटापालटा केला नाही. लाबानाला झडती घेऊन जे सापडलं नव्हतं, ते इथे माणसांनी स्वतःहून आणून दिलं. राहेलचं नाव त्या वाक्यात वेगळं नाही. ती त्या सगळ्यांत होती, एवढंच आपण जाणतो.

ही दोन प्रकरणं आम्ही त्या वर्षी घरात एकापाठोपाठ वाचली. तेव्हापासून दर शनिवारी रात्री, उपासनेच्या आदल्या दिवशी, प्रार्थनेआधी प्रत्येकाने सांगायचं, की या आठवड्यात मी कशावर बसलो होतो. सल्ला द्यायचा नाही, मध्ये बोलायचं नाही. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. आईने एकदा सांगितलं की दोन नातवंडांपैकी एकालाच ती मनातून आपलं मानते. ते ऐकून आम्ही बराच वेळ गप्प बसून होतो.

यंदा आमच्या मंडळीत पंचांची निवडणूक आहे आणि लोकांच्या आग्रहावरून मी उभा आहे. गिदोनाची गोष्ट मला पाठ आहे. राज्य नको म्हणाला, देवच राज्य करील म्हणाला, आणि त्याच तोंडाने लोकांकडून कुंडलं मागून घेतली. सतराशे शेकेल सोनं, आजच्या हिशेबाने वीस किलोच्या आसपास. त्याचं त्याने एफोद, म्हणजे याजकाचं वस्त्र, केलं आणि तेच त्याच्या घराला फास झालं. तरी मागच्या आठवड्यात मी तीन वेळा मनातल्या मनात मतं मोजली. एकदा तर उपदेश चालू असताना, मान न वळवता, बाक मोजून.

शनिवारी मी ते सांगितलं. मुलगी सुटीला घरी आली होती, समोरच बसली होती. ती काही बोलली नाही. मग तिने तिचं सांगितलं, माझ्या बायकोने तिचं सांगितलं, आई म्हणाली की माझं मागचंच आहे, आणि आम्ही चौघं प्रार्थनेला उभे राहिलो.